जॅक उचलतो, स्टँड सांभाळतो

बरेच गट आता पिकअप, छोटा हत्ती, ओम्नी अशा गाड्या घेतात. कुणी गटाच्या नावावर घेतं, कुणी घरच्याच गाडीवर गटाचा माल नेतं. गाडी आली की तिचं चाक खोलणं, ब्रेक बघणं, खालून ग्रीस भरणं हेही आलं. यातलं पुष्कळसं काम आपल्या अंगणातच होतं. ते करणारा आपला मुलगा, नवरा, दीर किंवा भाऊ असतो. आता काही ठिकाणी आपल्या मुलीही हे काम करायला लागल्यात. म्हणून आज गाडी उचलायचा जॅक आणि उचललेली गाडी धरून ठेवणारे स्टँड याबद्दल बोलूया.

तुम्ही म्हणाल, हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला? मीही तेच म्हणत होते. त्याची काय किंमत द्यावी लागली ते आधी सांगते.

माझ्या हातची काट

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटानं जुना टाटा एस घेतला. पापड, कुरडया, शेवया आणि काळा मसाला दर आठवड्याला बार्शीला न्यायचा होता. गटातल्याच एका ताईंचा मुलगा गाडी चालवतो. हाताला चांगला कसबी आहे, बारीकसारीक दुरुस्ती स्वतःच करतो. गाडी आली त्याच आठवड्यात त्यानं एक यादी दिली. तिच्यात एक चांगला जॅक, दोन स्टँड आणि चाकाला लावायचे लाकडी ठोकळे होते. यादी माझ्याकडे आली, कारण समन्वयक मी. मी म्हटलं, "गाडीबरोबर जॅक आलाय की. आणखी कशाला?" आणि बैठकीच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं, 'सध्या गरज नाही.'

जूनच्या तोंडाला मागच्या पाट्याचा नट ढिला झाला. पोरानं गाडीबरोबरचा जॅक लावून गाडी उचलली. स्टँड नव्हते, म्हणून खाली विटा रचल्या आणि उजवा हात आत घालून पाना लावला. रात्री थोडा पाऊस झाला होता, जमीन मऊ होती. जॅक एका अंगाला कलला, सगळा भार विटांवर आला आणि वरची वीट फुटली. तो पूर्ण आत शिरला नव्हता म्हणून जीव वाचला. हात मात्र मनगटाच्या वर मोडला.

सहा आठवडे प्लास्टर. सहा बाजारांना भाड्याचा टेम्पो, फेरीला हजार रुपये, म्हणजे सहा हजार. ज्या सामानावर मी काट मारली होती ते सगळं मिळून पुढे साडेचार हजारांच्या आत आलं. हा झाला पैशाचा हिशेब. पोराचं मनगट अजून पुरतं वळत नाही, त्याचा हिशेब कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला कळत नाही. त्याच्या आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. म्हणूनच ही माहिती मी स्वतः गॅरेजमध्ये बसून, विचारून, हातानं करून शिकले. ती आज तुम्हाला सांगते.

एवढंसं यंत्र एवढी गाडी कशी उचलतं

घरात इंजेक्शनच्या दोन रिकाम्या सिरिंज असतील, एक बारीक आणि एक जाड, तर पोरांना हा खेळ करून दाखवा. सुया काढून टाका. दोघींच्या तोंडांना एका नळीनं जोडा आणि आत पाणी भरा. बारीक सिरिंजचा दट्ट्या दाबला की जाड सिरिंजचा दट्ट्या वर येतो. जाड दट्ट्या बोटानं अडवून धरायचा प्रयत्न केला तर तो धरवत नाही. बारीक बाजूला दिलेला जोर जाड बाजूला कितीतरी पट होऊन येतो.

पाण्याचा हा गुण सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं मांडला. त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यानं घेतलं. आपला तेलाचा जॅक, म्हणजे हायड्रॉलिक जॅक, त्याच घराण्यातला. त्यात पाण्याच्या जागी तेल असतं.

हिशेब सोपा आहे. दांड्यावर तुम्ही २० किलोचा जोर दिला. दांडा लांब असल्यामुळे तो दहापट होऊन बारीक दट्ट्यावर २०० किलो झाला. जाड दट्ट्याचं क्षेत्रफळ बारीक दट्ट्याच्या दहापट असेल तर वर २००० किलो, म्हणजे दोन टन. पण फुकट काही मिळत नाही. बारीक दट्ट्या दोन सेंटीमीटर खाली गेला तर जाड दट्ट्या दोनच मिलीमीटर वर येतो. म्हणून पंप खूप वेळा मारावा लागतो.

यातून एक गोष्ट मनात पक्की करा. एवढं सगळं वजन थोड्याशा तेलावर, एका रबरी सीलवर आणि एका बारीक झडपेवर तोललेलं असतं. सील फाटलं की तेल निसटतं. झडपेत मातीचा कण अडकला तरी निसटतं. मग गाडी खाली येते. कधी हळूहळू येते, कधी एकदम. नवा, महागडा जॅकही याला अपवाद नाही. जॅकचं काम गाडी उचलण्यापुरतं. उचललेली गाडी धरून ठेवणं हे स्टँडचं काम.

जॅकचे तीन प्रकार

पहिला कैची जॅक. गाडीबरोबर बहुतेक हाच येतो. यात तेल नसतं, आट्यांचा लांब स्क्रू फिरवून तो वर चढतो. रस्त्यात पंक्चर झालं, चाक बदललं आणि निघालो, एवढ्यासाठीच तो आहे. त्याची बैठक अरुंद असते, बाजूनं धक्का लागला तर तो आडवा होतो. तो गाडीतच ठेवा, पण अंगणातल्या दुरुस्तीला काढू नका.

दुसरा बॉटल जॅक, म्हणजे बाटलीसारखा उभा तेलाचा जॅक. ट्रकवाल्यांकडे बघितला असेल. लहान, स्वस्त, ताकदवान. दोन, तीन, पाच, दहा टन अशा मापांत मिळतो. त्याचे दोष दोन. तो मुळातच उंच असल्यामुळे बसक्या गाडीखाली शिरत नाही. आणि बुड लहान असल्यामुळे मऊ जमिनीत रुततो. तो नेहमी उभाच वापरायचा, आडवा करून नाही.

तिसरा ट्रॉली जॅक. हा आडवा, चार चाकांचा, लांब दांड्याचा. गॅरेजात गाडीखाली सरकवतात तो. बैठक रुंद, उंची कमी, उचलायला सोपा. घरी कार असेल आणि दारात पक्का कोबा असेल तर हाच घ्या. मात्र त्याची एक सवय माहीत हवी. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीसारखा वळत वर जातो. त्यामुळे गाडी वर जाते तसा जॅक आपल्या चाकांवर थोडा सरकत जातो. कोब्यावर तो छान सरकतो. मातीत त्याची ती लहान लोखंडी चाकं रुतून बसतात. मग जॅक जागेवर राहतो, वरची वाटी सरकते आणि गाडी वाटीतून निसटू लागते. हे दुकानदार सांगत नाही, कारण त्याच्या दुकानात फरशी असते.

माती की कोबा, हे आधी ठरवा

जॅक दुकानात निवडण्याआधी आपल्या अंगणात उभं राहून निवडा.

आमच्याकडे पापड वाळवायचा मोठा कोबा आहे. पोराचं म्हणणं होतं की गाडी त्यावर घेऊ आणि ट्रॉली जॅक आणू. बायका एका सुरात नाही म्हणाल्या. जिथं पापड घालायचे तिथं ऑइल सांडून कसं चालेल? त्यांचंही बरोबर होतं. म्हणून आम्ही बॉटल जॅक घेतला आणि त्याच्या बुडाखाली घालायला बाभळीची दोन इंच जाड, हातभर लांब-रुंद फळी करून घेतली. स्टँडखाली घालायलाही तशाच दोन फळ्या केल्या. शेजारच्या गावातल्या गटाकडे ओम्नी आहे आणि शेडसमोर कोबा आहे. त्यांनी ट्रॉली जॅक घेतला. दोघींचंही बरोबर आहे, कारण जमीन वेगळी आहे.

फळीचं काम काय, ते चिखलातून चालताना कळतं. टाच रोवून चाललं की पाय रुततो, फळी टाकून चाललं की नाही. वजन तेवढंच असतं, फक्त ते जास्त जागेवर पसरतं. काळी माती पावसात लोण्यासारखी होते. उन्हाळ्यात ती कडक दिसते, पण तिच्यात भेगा असतात. म्हणून आपल्याकडे बारा महिने फळी लागतेच. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस तर फळी असूनही गाडी उचलू नका. उतारावर कधीच उचलू नका.

किती टनांचा घ्यायचा

यासाठी गाडीचं आरसी काढा. त्यात दोन वजनं लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं मालासकट जास्तीत जास्त किती चालेल ते. जॅक निवडताना दुसरा, मोठा आकडा धरा. एका वेळी आपण गाडीचं एकच टोक उचलतो, पूर्ण गाडी नाही, हे खरं. तरीही पूर्ण वजनाचाच जॅक घ्यायचा, म्हणजे तो नेहमी दमाच्या आत राहतो. शंभर किलोचं पोतं उचलू शकणाऱ्या माणसाला पन्नास किलो द्यावं, तसं.

आता काही अंदाज देते. रिकामी ओम्नी साधारण ८०० किलोची असते. जुना टाटा एस मालासकट दीड टनाच्या थोडा वर जातो. या दोन्हींना दोन टनी जॅक चालतो. बोलेरो रिकामीच दीड टनाच्या वर असते, तिला तीन टनी घ्या. मोठी पिकअप मालासकट तीन टनांच्या आसपास जाते, तिला पाच टनीच बरा. पण हे अंदाज झाले. तुमचा खरा आकडा तुमच्या आरसीत आहे.

आणि जॅक कितीही टनांचा असला तरी गाडी रिकामी करूनच उचला. शेवयांचे डबे खाली उतरवायला दहा मिनिटं लागतात.

उंचीचं गणित

टनांच्या नादात उंची विसरली तर घरी आणलेला जॅक गाडीखाली शिरतच नाही, किंवा शिरतो पण चाक उचलत नाही. दुकानात जायच्या आधी शिलाईची टेप घ्या आणि तीन मापं वहीत लिहा.

पहिलं, जमिनीपासून जॅक लावायच्या जागेपर्यंतची उंची. हे माप टायरमधली हवा गेलेली असेल तर किती कमी होईल, तेही लक्षात घ्या. जॅकची सगळ्यात कमी उंची याहून कमी हवी. साधा दोन टनी ट्रॉली जॅक खाली बसलेला असताना साधारण १३-१४ सेंटीमीटर असतो. बॉटल जॅक १५ ते १८ सेंटीमीटर असतो. खाली फळी घालणार असाल तर तिची जाडीही यात धरा.

दुसरं, जॅक किती वर जातो. चाक जमिनीवरून सुटायला गाडी बरीच वर जावी लागते, कारण पाटे आणि स्प्रिंग मोकळे होतात तसं चाक खाली लोंबतं.

तिसरं, स्टँडची सगळ्यात कमी उंची. लहान स्टँड साधारण २७-२८ सेंटीमीटरपासून सुरू होतात आणि ४२ सेंटीमीटरच्या आसपास जातात. समजा, तुमचा जॅक गाडी २५ सेंटीमीटरच वर नेतो आणि स्टँड २८ चा आहे. मग स्टँड खाली बसणारच कसा? म्हणजे जॅकची वरची उंची स्टँडच्या खालच्या उंचीपेक्षा चार बोटं तरी जास्त हवी. बरेच लोक जॅक एका वर्षी घेतात आणि स्टँड दुसऱ्या वर्षी, आणि मग दोघांचा मेळ बसत नाही. दोन्ही एकदमच घ्या.

स्टँड, आमची घोडी

स्टँड म्हणजे पाय पसरून उभा असलेला लोखंडी तिवया किंवा चौपाई. मध्ये वर-खाली होणारा खांब आणि वर गाडी बसायला खोबण. आमच्या गटात त्याला सगळ्या जणी घोडीच म्हणतात. नेहमी जोडी घ्यायची.

याचे दोन प्रकार. एकात खांबाला करवतीसारखे दाते असतात आणि एक खटका दात्यात अडकतो. दुसऱ्यात खांबाला भोकं असतात आणि आरपार जाड पिन घालायची असते. दात्याचा स्टँड लावायला सोयीचा. पिनचा जरा किचकट, पण पिन आरपार गेली की नाही हे डोळ्यांना दिसतं. दात्याचा खटका नीट अडकला की नाही हे नेहमी दिसत नाही. आम्ही पिनचा घेतला. दात्याचा घेणार असाल तर खटक्याशिवाय वेगळी पिनही असलेला बघा.

नवीन वस्तू आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या दुकान-साखळीला तिनं विकलेले लाखो स्टँड परत मागवावे लागले, कारण खटका भाराखाली दात्यातून निसटू शकत होता. बदली दिलेल्या स्टँडमधल्या काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला. म्हणून घरी आणल्यावर पहिल्या दिवशी परीक्षा घ्या. गाडी दोन्ही स्टँडवर ठेवा, खाली कुणी जाऊ नका, आणि तासाभरानं बघा. वेल्डिंगला तडा आहे का, पाय फाकलेत का, खांब खाली आलाय का. जॅकचीही अशीच परीक्षा घ्या. गाडी थोडी उचला, उंचीवर खडूनं खूण करा आणि पंधरा मिनिटांनी बघा. खूण खाली आली असेल तर जॅक परत करा. यासाठी पक्कं बिल घेतलेलं असलं पाहिजे.

दुकानात आणखी एक विचारायचं. स्टँडवर 'तीन टन' लिहिलंय, ते एका स्टँडचं की जोडीचं? हे दुकानदाराला ठामपणे विचारा आणि पेटीवर वाचून घ्या. ज्या जॅकवर किंवा स्टँडवर किती टन ते लिहिलेलंच नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

विटा, दगड, सिमेंटचे पोकळ ठोकळे यांना स्टँडच्या जागी कधीच वापरू नका. वीट भिंतीत भार सोसते, कारण तिथं तो सपाट आणि सगळीकडून सारखा बसतो. गाडीचं वजन लोखंडाच्या एका कडेतून एका जागी येतं. तिथं वीट कुरकुरत नाही, सूचना देत नाही, एकदम फुटते. आमच्याकडे तेच झालं.

गाडी उचलायची रीत

आता पायरीपायरीनं सांगते. वही-पेन घेतलं असेल तर लिहून घ्या.

एक. सपाट, कडक जागा. गाडी रिकामी. हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला.

दोन. जे टोक उचलणार नाही त्या टोकाच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे. हे का, तर आपल्या बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो. टाटा एस आणि ओम्नीमध्ये इंजिनाचा जोरही मागच्याच चाकांना जातो. म्हणजे मागची दोन्ही चाकं उचलली की हँडब्रेकही हवेत आणि गिअरही हवेत. गाडीला पुढे घरंगळण्यापासून अडवणारं काहीच उरत नाही. अडवतात ते फक्त ठोकळे.

तीन. चाक काढायचं असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडी वर असताना पान्यावर पाय देऊन नट सोडायला गेलं की गाडीला हिसका बसतो.

चार. जॅक ठरलेल्या जागीच लावा. ती जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. पुस्तिका नसेल तर एकदा गॅरेजवाल्याकडून दाखवून घ्या आणि तिथं रंगाचा ठिपका द्या. इंजिनाची तेलाची टाकी, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी आणि पत्रा यांना जॅक लावायचा नाही.

पाच. हळूहळू उचला. जॅक कलतोय का, रुततोय का बघत राहा. कलला तर लगेच खाली घ्या आणि पुन्हा लावा.

सहा. दोन्ही स्टँड सारख्या उंचीवर, मजबूत जागेखाली ठेवा. मग जॅक अगदी हळू सोडून गाडी त्यांच्यावर बसवा.

सात. खाली जायच्या आधी बाहेर उभं राहून गाडीला हातानं दोन-तीनदा हलवून बघा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. जॅकही नुसता टेकवून तिथंच राहू द्या आणि काढलेलं चाक गाडीच्या खाली आडवं ठेवा. स्टँड सुटलाच तर गाडी चाकावर अडेल.

आठ. खाली गेलेल्या माणसाजवळ कुणीतरी थांबलंच पाहिजे. हे काम आपलं. पोरं, कोंबड्या, शेळ्या दूर ठेवायच्या, आणि गाडीला कुणी टेकायचं नाही. वर असलेली गाडी सुरू करायची नाही.

नऊ. काम झालं की आधी जॅकनं थोडं उचला, स्टँड काढा, मग गाडी खाली घ्या. चाकाचे नट जमिनीवर आल्यावर पुन्हा आवळा.

आणि रस्त्यात पंक्चर झालं, स्टँड जवळ नाहीत, तर चाक बदला, पण अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालू नका.

जॅक जपायचा कसा

जॅक सावलीत, झाकून, खाली बसवलेला ठेवा. दट्ट्या वर ठेवला तर तो गंजतो आणि गंज सीलला खरवडतो. तेल कमी झालं तर जॅकचंच हायड्रॉलिक तेल घाला. घरात आहे म्हणून ब्रेक ऑइल घालू नका, त्यानं जॅकचं रबरी सील फुगून खराब होतं. दट्ट्याभोवती तेल ओघळलेलं दिसलं की तो जॅक दुरुस्त होईपर्यंत बंद. स्टँडवर दर सहा महिन्यांनी कुंचल्यानं घासून वेल्डिंगच्या जागा बघा. पिन हरवली तर तिच्या जागी खिळा किंवा सळईचा तुकडा घालू नका, त्याच मापाची पिन आणा.

आणि नको ते झालंच तर

माणूस गाडीखाली अडकला तर त्याला ओढू नका. गाडी त्याच्यावर असताना ओढलं तर जखम वाढते. आधी १०८ ला फोन करा. एकीनं फोन करायचा आणि बाकीच्यांनी गाडी आणखी सरकू नये म्हणून चाकांना ठोकळे लावायचे. दुसरा जॅक लावून किंवा माणसं जमवून गाडी उचला, लगेच खाली काहीतरी भक्कम सरकवा आणि मगच माणसाला काढा. पाठ किंवा मान दुखतेय म्हणत असेल तर शक्यतो डॉक्टर येईपर्यंत हलवू नका. किती वेळ दबलेला होता ते डॉक्टरांना सांगा, ते त्यांना फार महत्त्वाचं असतं. बाहेरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

ताईंनो, आमच्या वहीत 'सध्या गरज नाही' या ओळीच्या खाली आता दुसरा ठराव आहे. गटाच्या पैशानं घेतलेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय कुणीही हात घालायचा नाही, आणि स्टँडच्या फळ्या सरपणात टाकायच्या नाहीत. दुसरं कलम हसण्यासारखं वाटेल, पण पहिल्याच हिवाळ्यात एक फळी चुलीपर्यंत पोचली होती, म्हणून घालावं लागलं.

गेल्या महिन्यात त्याच पोरानं मागचे ब्रेक बघितले. त्याच्या आईनं स्वतः ठोकळे लावले, गाडी हलवून बघितली, आणि काम होईपर्यंत जवळ बसून लसूण सोलला. तुमच्या येत्या बैठकीत खर्चाच्या यादीत जॅक-स्टँड आले तर काट मारायच्या आधी एकदा मला आठवा. गाडीला तुम्ही काय लावता, ते आपल्या केंद्राला जरूर कळवा.